पाचव्या दिवशीचे पक्षी

अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेल्या एका प्राणिशास्त्राच्या पुस्तकाचं नाव आहे ‘पाचव्या दिवशीचे उडणारे जीव’. त्याच्या जोडीला ‘पाचव्या दिवशीचे पोहणारे जीव’ आणि ‘सहाव्या दिवशीचे भूचर प्राणी’ अशी आणखी दोन पुस्तकं. लेखिका जीनी फुलब्राइट, प्रकाशक अपोलोजिया. वाचक म्हणजे शाळेत न जाता घरीच शिकणारी मुलं आणि त्यांना शिकवणारी आई. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्याच ग्रंथात देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली. पाचव्या दिवशी पाण्यातले जीव आणि पक्षी, सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. पुस्तकांची वाटणी याच हिशेबाने झाली आहे. म्हणून पहिल्या पुस्तकात पक्ष्यांच्या शेजारी वटवाघळं, कीटक आणि लोप पावलेले उडते सरीसृपही येऊन बसले आहेत.

जीवाश्मांचा क्रम याच्याशी जुळत नाही. पक्षी आले ते जमिनीवर धावणाऱ्या डायनासोरांच्या एका शाखेतून आणि देवमासे आले चार पायांच्या भूचर सस्तन प्राण्यांतून. म्हणजे जमिनीवरचे आधी, हे दोघे नंतर. आतलं एकही पान उलटण्याआधी मुखपृष्ठानेच एका मोठ्या वादात आपली बाजू घेऊन टाकलेली असते. आत मात्र पिसाची रचना आहे, घरटी आहेत, मुलाने बाहेर जाऊन पाहायचं आहे, पाहिलेलं वहीत काढायचं आहे आणि आपल्या शब्दांत आईला सांगायचं आहे. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी रूढ केलेली ही पद्धत आपल्या कित्येक शाळांतल्या विज्ञानाच्या तासापेक्षा सरस आहे. श्रद्धेसाठी पुस्तक घेणाऱ्या आईला निसर्गाचं निरीक्षण सोबत मिळतं आणि निरीक्षणासाठी घेणारीला सहा दिवसही घ्यावे लागतात.

मुलांना घरी शिकवणाऱ्या श्रद्धाळू अमेरिकन पालकांपुढचा पेच इथे आहे. गणिताचं पुस्तक कुठलंही चालतं. इतिहासाच्या पुस्तकावर कुरकूर होते. विज्ञानाच्या पुस्तकावर मात्र माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात.

घरची शाळा

अमेरिकेत आज होमस्कूलिंग म्हटलं की चर्चला जाणारं, चार-पाच मुलांचं कुटुंब डोळ्यांसमोर येतं. पण या चळवळीचा एक उगम अगदी निराळा आहे. जॉन होल्ट हा शिक्षक-लेखक. मुलं शाळेत का नापास होतात यावर १९६४ साली त्याने पुस्तक लिहिलं. शाळा सुधारणं शक्य नाही अशा निष्कर्षाला येऊन त्याने १९७७ मध्ये ‘शाळेविना वाढताना’ अशा अर्थाच्या नावाचं नियतकालिक काढलं. त्याला धर्माशी देणंघेणं नव्हतं, मुलाच्या कुतूहलाशी होतं. त्याच सुमारास रेमंड आणि डोरोथी मूर हे श्रद्धाळू ख्रिस्ती दांपत्य लहान मुलांना शाळेत घालायची घाई करू नका, असं सांगत होतं. दोन्ही प्रवाह काही काळ बरोबर वाहिले. १९८० च्या दशकात दुसऱ्याला पूर आला. १९८३ मध्ये मायकल फॅरिस यांनी घरी शिकवणाऱ्यांच्या कायदेशीर बचावासाठी संघटना उभी केली आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं.

कायदेशीर म्हणजे सारखं नव्हे. टेक्ससमध्ये सरकारला कळवायचीही गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्षाची योजना द्यावी लागते, तिमाही अहवाल द्यावे लागतात, वर्षाअखेर मूल्यमापन दाखवावं लागतं. विज्ञान शिकवा, एवढं बरीच राज्यं सांगतात. विज्ञानात काय शिकवा, हे जवळपास कुणी सांगत नाही. आपल्याकडे जो निर्णय बालभारती किंवा एनसीईआरटीची समिती घेते, तो तिथे स्वयंपाकघराच्या टेबलावर होतो.

संख्याही छोटी नाही. १९९९ मध्ये केंद्रीय सर्वेक्षणाने अशी साडेआठ लाख मुलं मोजली. २००७ मध्ये ती १५ लाखांवर गेली आणि त्या वर्षी ८३ टक्के पालकांनी धार्मिक किंवा नैतिक शिक्षण हे एक कारण म्हणून सांगितलं. कोविडने सगळंच हलवलं. जनगणना खात्याच्या पाहणीत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण २०२० च्या वसंतात ५.४ टक्के होतं, ते त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्के झालं. नव्याने आलेल्या पालकांत धर्माचं कारण मागे पडलं आणि शाळेतलं वातावरण, सुरक्षितता, अभ्यासाचा दर्जा ही कारणं पुढे आली. पण पुस्तकांचा बाजार आधीच्या पिढीने उभारलेला होता. २०२२ मध्ये ॲरिझोनाने आणि पुढच्या वर्षी फ्लोरिडाने सर्वच मुलांना शिक्षण-बचत खात्याची योजना खुली केली. त्यातला सरकारी पैसा पालक धार्मिक प्रकाशकांच्या पुस्तकांवरही खर्च करू शकतात.

टेबलावरचा बेडूक

या बाजारातली मोठी नावं तीन. फ्लोरिडातल्या पेन्साकोला ख्रिश्चन कॉलेजचं अबेका, साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाचं प्रकाशन आणि इंडियानात सुरू झालेलं अपोलोजिया. पहिली दोन १९७० च्या दशकातली. मुळात ती ख्रिस्ती शाळांसाठी लिहीत होती, घरं नंतर आली. अपोलोजियाने मात्र पहिल्यापासून घरच डोळ्यांसमोर ठेवलं, आणि त्याचं बरंचसं श्रेय जे वाइल यांचं. रोचेस्टर विद्यापीठाचे अणुरसायनशास्त्रातले डॉक्टरेट, इंडियानात प्राध्यापक. घरी शिकून आलेले विद्यार्थी आपल्या वर्गात चमकतात हे पाहून ते या मुलांसाठी लिहू लागले.

त्यांची पुस्तकं का खपली हे समजायचं तर जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनाची पेटी पाहावी. गांडूळ, क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला शेवंडासारखा जीव, पर्च नावाचा मासा आणि बेडूक. चौघेही जतन करून पाठवलेले, सोबत कात्री, चिमटा, सुया आणि मेणाचा थर असलेलं तबक. बेडूक उताणा ठेवायचा, पाय सुयांनी रोवायचे, पोटाची कातडी मधोमध कापायची, मग खालचा स्नायूंचा पडदा वेगळा कापायचा, कात्रीचं टोक वर धरून, म्हणजे आतले अवयव फाटत नाहीत. यकृत बाजूला केलं की पित्ताशय दिसतं. हे सगळं जेवणाच्या टेबलावर, खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरून. समोरच्या आईने विज्ञान कदाचित बारावीनंतर पाहिलेलंही नसतं. वाइल यांचं लिखाण तिच्यासाठी आणि थेट मुलासाठी आहे. ते ‘तू’ म्हणून बोलतं, अडेल तिथे थांबतं, पुढे काय दिसणार ते आधीच सांगत नाही, नेहमीच्या वस्तूंत प्रयोग बसवतं. आपल्याकडे अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून जे केलं, त्याची आठवण व्हावी असं हे काम आहे.

वाइल यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत नववं प्रकरण उत्क्रांतीवर आहे. उत्क्रांती हा काही अंशी शास्त्रीय सिद्धान्त आणि काही अंशी सिद्ध न झालेलं गृहीतक, असं त्याच्या मथळ्यातच सांगितलं आहे. एका जातीच्या आत होणारे छोटे बदल मान्य, एका प्रकारच्या जीवातून दुसरा निपजणं अमान्य. इथे एक गोष्ट खटकते. पेशी, प्रकाशसंश्लेषण, आनुवंशिकता यांवरची प्रकरणं मुलाला ‘हे असं आहे’ म्हणून सांगतात. पुरावा कमी पडतो का, हे त्याने तपासावं असा आग्रह मुख्यतः या एकाच प्रकरणात धरलेला आहे. शंका घ्यायला शिकवणं चांगलंच. ती एकाच दिशेने शिकवली की मुलाच्या हाती पद्धत लागत नाही, पक्ष लागतो.

२०१० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने अपोलोजिया आणि बॉब जोन्सची जीवशास्त्राची पुस्तकं जेरी कॉइन आणि डंकन पोर्टर या दोन विद्यापीठीय जीवशास्त्रज्ञांना दाखवली. दोघांनीही ती कडक शब्दांत नाकारली. प्रकाशकांचा बचाव असा की आम्ही उत्क्रांती लपवत नाही, तिच्यावर टीका करतो. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि टेबलाशी बसलेल्या आईच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

निकाल आधी, पुरावा मागाहून

हाती काही लागायचं तर कोर्टाचे कागद चाळावे लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशाच्या पात्रतेसाठी काही ख्रिस्ती शाळांचे विषय मान्य करायला नकार दिला. त्यात बॉब जोन्स आणि अबेकाच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांवर आधारलेले विषय होते. २००५ मध्ये ख्रिस्ती शाळांची संघटना आणि मुरिएटा गावची एक शाळा कोर्टात गेली. २००८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला, २०१० मध्ये अपिलातही तो टिकला.

वादात गाजली ती ‘ख्रिस्ती शाळांसाठी जीवशास्त्र’ या पुस्तकाची प्रस्तावना. तिचा आशय असा: एखादा शास्त्रीय निष्कर्ष देवाच्या वचनाविरुद्ध जात असेल तर तो निष्कर्ष चूक, त्याच्या पाठीशी कितीही तथ्यं दिसोत. यात लबाडी नाही, उलट मोठा प्रामाणिकपणा आहे. पुस्तकाने स्वतःच सांगून टाकलं की काही उत्तरं तपासणीच्या बाहेर आहेत. मग ते विज्ञान उरत नाही, असं विद्यापीठाचं म्हणणं. विशेष म्हणजे विद्यापीठाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांत फ्रान्सिस्को अयाला होते, उत्क्रांतीचे जगन्मान्य अभ्यासक आणि एके काळचे दीक्षित डॉमिनिकन धर्मगुरू.

हाच विचार मुलांच्या तोंडी बसेल असा सोपा केला तो केन हॅम यांनी. मूळचे ऑस्ट्रेलियन, शाळेत विज्ञान शिकवणारे. केंटकीत त्यांनी २००७ मध्ये निर्मितीवादाचं संग्रहालय आणि २०१६ मध्ये नोहाचं भलंमोठं तारू उभारलं. पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची, असं ते मानतात. पृथ्वी कोट्यवधी वर्षांची आहे असं कुणी म्हणालं की मुलांनी विचारायचा प्रश्न त्यांनी शिकवून ठेवला आहे: तुम्ही तिथे होतात का?

प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो फार काही कापून टाकतो. गुन्ह्याचा तपास कापतो, कारण पोलीस तिथे नव्हते. वैद्यकातलं निदान कापतो, कारण डॉक्टर जंतू शिरताना हजर नव्हते. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं ठरवलं. ते करताना प्रयोगशाळेत जिथे तिथे शिसं सापडत राहिलं, आणि त्या शोधातूनच पेट्रोलमधलं शिसं हवा विषारी करतंय हे त्यांनी दाखवलं. मोजणारा माणूस तोच, उपकरणं तीच. त्यातलं आजच्या हवेचं मोजमाप घ्यायचं आणि प्राचीन दगडाचं टाकायचं, हे मुलाला कुठल्या तर्काने शिकवणार?

पालक घाबरतात ते उगाच नाही

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला. शंभर डॉलर दंड झाला, वरच्या कोर्टाने तो १९२७ मध्ये तांत्रिक कारणावरून रद्द केला. जगभर या खटल्याची गोष्ट विज्ञान विरुद्ध अडाणीपणा अशी सांगितली जाते. पण स्कोप्सच्या शाळेत जे पुस्तक होतं, जॉर्ज हंटर यांचं १९१४ चं ‘नागरी जीवशास्त्र’, त्यात उत्क्रांतीबरोबरच मानववंशांची उतरंड होती. गोरी जात सर्वांत वरची आणि ‘निकृष्ट’ माणसांची पैदास थांबवावी, असा उपदेश होता. खटल्यात विरोधी बाजूला उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्या रागामागे बायबल होतं, तशीच बळी तो कान पिळी या विचाराची भीतीही होती.

म्हणजे सरकारमान्य पुस्तकात छापलं गेलं म्हणून ते विज्ञान, असं नाही. आपल्या लेकराला माणूस म्हणजे नुसता अपघात आहे असं शिकवलं जाईल, या धास्तीने शाळा सोडणाऱ्या आईला हसण्यात अर्थ नाही. माणसाला मोल आहे की नाही, हा प्रश्न जीवाश्मांना सोडवता येत नाही. तो सोडवल्याचा आव आणणारं पुस्तकही आपली पायरी सोडून बोलत असतं.

हे मत फक्त काठावरच्या लोकांचं आहे असंही नव्हे. गॅलपच्या २०२४ च्या पाहणीत ३७ टक्के अमेरिकनांनी माणूस आजच्याच रूपात गेल्या दहा हजार वर्षांत देवाने घडवला असं सांगितलं. सुमारे तेवढ्यांनीच, ३४ टक्क्यांनी, उत्क्रांती झाली पण देवाच्या देखरेखीखाली, असं सांगितलं. ही दुसरी मंडळी पुस्तकांच्या बाजारात मात्र अभावानेच दिसतात.

श्रद्धाळूंमधलं भांडण

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की भांडण देव मानणारे आणि न मानणारे यांच्यात आहे. होमस्कूलिंगच्या जगात ते देव मानणाऱ्यांमध्येच जास्त कडवट आहे. दर वर्षी ठिकठिकाणी पालकांची अधिवेशनं भरतात. व्याख्यानं होतात, प्रकाशकांचे गाळे लागतात, आया चाकांच्या पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. २०११ मध्ये अशाच एका अधिवेशन-मालिकेत केन हॅम बोलले आणि पीटर एन्स या बायबल-अभ्यासकावर तुटून पडले. एन्स यांनी सुझन वाइज बाउअर यांच्या प्रकाशनासाठी मुलांचा बायबल-अभ्यासक्रम लिहिला होता, आणि उत्पत्तीचा ग्रंथ इतिहासासारखा शब्दशः वाचू नये असं त्यांचं मत होतं. आयोजकांनी हॅम यांचं पुढच्या अधिवेशनांचं निमंत्रण काढून घेतलं. गाळा लावणारे दोघेही ख्रिस्ती, ऐकायला आलेल्या आयाही ख्रिस्ती.

श्रद्धा ठेवून विज्ञानाचं ऐकण्याची परंपराही जुनी आहे. उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रंथ लिहिणाऱ्या संत ऑगस्टिनने बजावलं होतं की तारे, प्राणी, वनस्पती यांबद्दल ख्रिस्ती माणूस अडाण्यासारखा बोलला तर जाणकार परके लोक त्याच्या धर्मग्रंथालाच हसतील. विश्वाचा महास्फोट प्रथम कल्पिणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक उरलेलं नाही असं जाहीरपणे मान्य केलं. त्यामुळे कॅथलिक घरांपुढचा प्रश्न तुलनेने सौम्य असतो.

प्रोटेस्टंट बाजूला सगळ्यांत बोलकं उदाहरण फ्रान्सिस कॉलिन्स यांचं. मानवी जनुकसंच वाचण्याच्या प्रकल्पाचे ते प्रमुख होते. त्यांना लहानपणी व्हर्जिनियातल्या शेतावर आईनेच घरी शिकवलं. तरुणपणी ते ईश्वर मानत नव्हते, पुढे ख्रिस्ती झाले. २००७ मध्ये त्यांनी बायोलोगोस ही संस्था काढली. उत्क्रांती हीच देवाची निर्मितीची रीत असू शकते, अशा भूमिकेतून ती संस्था आता शिक्षक आणि घरी शिकवणारे पालक यांच्यासाठी साहित्यही देते.

दुसरं उदाहरण मेरी श्वाइट्झर यांचं. मोंटानातल्या विद्यापीठात त्या जॅक हॉर्नर या डायनासोर-तज्ज्ञाच्या वर्गात बसायला गेल्या तेव्हा पृथ्वी तरुण आहे असं मानत होत्या. वर्ग संपेपर्यंत पुराव्याने त्यांचं मत बदललं. २००५ मध्ये ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या टिरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात त्यांना मऊ, लवचीक ऊती आणि रक्तवाहिन्यांसारख्या रचना सापडल्या. हाड इतकं मोठं होतं की हेलिकॉप्टरमधून न्यायला त्याचे दोन तुकडे करावे लागले, आणि त्या तुटलेल्या भागामुळे आत डोकावता आलं.

तरुण पृथ्वी मानणाऱ्यांना हे घबाडच वाटलं. मऊ ऊती कोट्यवधी वर्षं टिकूच शकत नाहीत, म्हणजे हाड काही हजार वर्षांचं, हा युक्तिवाद आज त्यांच्या कित्येक पुस्तकांत भेटतो. श्वाइट्झर स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, आपल्या शोधाचा असा वापर झाल्याचं दुःख त्यांनी उघड बोलून दाखवलं आहे. त्यांनी प्रश्न पुढे नेला: ऊती टिकल्या कशा? रक्तातल्या लोहाचा संशय घेऊन त्यांच्या चमूने शहामृगाच्या रक्तवाहिन्या घेतल्या. काही नुसत्या पाण्यात ठेवल्या, त्या काही दिवसांत कुजल्या. काही तांबड्या रक्तपेशींच्या अर्कात ठेवल्या, त्या खोलीच्या तापमानाला दोन वर्षं टिकल्या. यामुळे सगळी शंका फिटली असं नाही. पण एकाच हाडापाशी दोन माणसं उभी राहिली. एकाला तिथे आधीच ठरलेल्या निकालाचा दाखला मिळाला, दुसऱ्याला पुढचा प्रयोग सुचला. दोघांचा देव एकच होता.

न बोलण्याचं पुस्तक

या कचाट्यातून सुटायला बाजाराने तिसरा मार्ग काढला आहे. दुकानाच्या भाषेत पुस्तकांचे तीन कप्पे असतात: धार्मिक, सेक्युलर आणि न्यूट्रल. सेक्युलर म्हणजे उत्क्रांती आणि पृथ्वीचं वय सरळ शिकवणारी पुस्तकं, उदाहरणार्थ पँडिया प्रेसची मालिका. न्यूट्रल म्हणजे या दोन्ही विषयांना हातच न लावणारी. कुणी दुखावत नाही, दोन्हीकडचे पालक घेतात. अमेरिकेत राहून घरी शिकवायची वाट धरणाऱ्या मराठी कुटुंबाला धार्मिक कप्पा आपला नाहीच, त्यामुळे उरतात हे दोन, आणि वरवर पाहता न्यूट्रल कप्पाच सोयीचा वाटतो.

पण गप्प बसणं तटस्थ असतं का? जीवशास्त्रातून उत्क्रांती वगळली की उरतात ती नावं, आकृत्या आणि याद्या. वटवाघळाच्या पंखात, देवमाशाच्या परात आणि आपल्या हातात हाडांचा एकच साचा का, याचं उत्तर देणारा धागाच काढून घेतलेला असतो. धार्मिक पुस्तक निदान त्या प्रश्नाला भिडतं, मग उत्तर काहीही देवो.

हा तिसरा कप्पा आपल्याला दूरचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत वैदिक संमेलनात बोलताना केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, अभ्यासक्रमातून तो बदलायला हवा, असं सांगितलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा. केंटकीतला ‘तुम्ही तिथे होतात का’ मराठवाड्यात वेगळ्या धर्माच्या तोंडून उमटला. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याचं खंडन केलं.

पुढे डार्विनला खोटं न ठरवताच २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग निघाला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचं नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. कारण सांगितलं गेलं कोविडनंतर ओझं कमी करण्याचं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीला विषय आहे, असं उत्तर आलं. पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांच्या वाट्याला ते येतच नाही. अमेरिकन आई जो निर्णय आपल्या दोन लेकरांपुरता घेते, तो इथे लाखो मुलांसाठी एका फटक्यात झाला. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे, याचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं.

आणि घरगुती निर्मितीवाद आपल्याकडेही आहेच. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम म्हणजे आपल्या पूर्वजांना ठाऊक असलेली उत्क्रांती, हे विधान गणपतीतल्या व्याख्यानांत आणि लग्नाच्या पंगतीत हमखास ऐकू येतं. यात उत्क्रांतीला विरोध नाही, म्हणून ते पुरोगामी वाटतं. रीत मात्र तीच: निष्कर्ष बाहेरून उसना घ्यायचा, मग पोथीत त्याचा दाखला शोधायचा. उद्या विज्ञानाने क्रम बदलला तर अवतारही बदलायचे का, हे कुणी विचारत नाही.

मग घ्यायचं कुठलं?

घरी शिकवणाऱ्या, देव मानणाऱ्या पालकाने पुस्तक चाळताना देवाचं नाव किती वेळा येतं हे मोजत बसू नये. तीन पानं काढून पाहावीत. पहिलं, प्रस्तावनेचं. कुठला निष्कर्ष निघूच शकत नाही, हे तिथे आधीच ठरवून टाकलं आहे का? दुसरं, पृथ्वीच्या वयाचं. आकडा साडेचार अब्ज असो की सहा हजार, तो काढला कसा हे मुलाला कळेल असं सांगितलं आहे का? इथे सेक्युलर पुस्तकंही नापास होऊ शकतात. ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ एवढ्यावर थांबणारं पुस्तक मुलाला दुसऱ्या प्रकारची श्रद्धाच शिकवतं. तिसरं पान विरोधकांचं. ज्यांचं म्हणणं पटत नाही त्यांची बाजू अशी मांडली आहे का, की त्यांनी ती वाचून ‘हो, आमचं म्हणणं हेच’ असं म्हणावं? हा तिसरा निकष जड आहे, पण अशक्य नाही. टॉड वूड हे तरुण पृथ्वी मानणारे जीवशास्त्रज्ञ, योगायोगाने डेटन गावचेच. उत्क्रांती हा कोसळायला आलेला सिद्धान्त मुळीच नाही, तिच्या बाजूने ढीगभर पुरावा आहे, आपण ती नाकारतो ते श्रद्धेपोटी, असं त्यांनी २००९ मध्ये स्वच्छ लिहिलं. त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. पण अशा माणसाच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला पुरावा म्हणजे काय ते कळेल.

व्यवहारात पुष्कळ घरं हेच करतात. एका प्रकाशकाची विच्छेदनाची पेटी, दुसऱ्याचं रसायनशास्त्र, उत्क्रांतीसाठी तिसरंच पुस्तक आणि मग जेवताना चर्चा. पुढे परीक्षेलाही हे उपयोगी पडतं. कॉलेजच्या दर्जाची एपी जीवशास्त्राची परीक्षा द्यायची तर उत्क्रांती ही तिच्या चार मूळ कल्पनांपैकी पहिलीच आहे. तिला नवव्या प्रकरणात ढकलून चालत नाही.

खरी जोखीम मात्र परीक्षेची नाहीच. हॅम यांच्या शिकवणीत उत्पत्तीचे सहा दिवस शब्दशः खरे नसतील तर पुढचं सगळं बायबलच डळमळतं. ही अट धर्माच्या टीकाकारांनी घातलेली नाही, श्रद्धेच्या रखवालदारांनी घातली आहे. तिच्यात वाढलेलं मूल अठराव्या वर्षी विद्यापीठात जातं, दगडांचं वय कसं काढतात ते स्वतः करून पाहतं, आणि त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: हातातलं मोजमाप खोटं म्हणायचं किंवा आईने शिकवलेलं सगळंच. ऑगस्टिनला सोळाशे वर्षांपूर्वी जे कळलं होतं ते हेच. ज्या आईला आपल्या लेकराने देव मानत राहावं असं मनापासून वाटतं, तिने तर त्या देवाचं असणं पृथ्वीच्या वयावर टांगणारं पुस्तक सगळ्यांत आधी परत करावं.